अकरावा रकाना

अर्ज तीन पानी. वर कन्नड, खाली इंग्रजी,
मधल्या जागेत मी पेन्सिलीनं मराठी लिहून घेतलंय.
नाव: भरमाण्णा यल्लाप्पा मुतगेकर.
हुद्दा: स्टोकर. जहाज: विमानवाहू.
रकाना अकरावा: युद्धकाळातील सेवा, थोडक्यात.
जागा दोन बोटं.

"लिही गे," आबा म्हणतात, आणि गप्प बसतात.

आमच्या गल्लीत घरटी एक माणूस पलटणीत.
भिंतीवर फोटो, फोटोत बर्फ, बंदूक, मिशी.
आबा एकटेच पाण्यात गेले,
तेही बळ्ळारी नाल्यापलीकडं पाणी न बघितलेल्या गावातून.
परतले तेव्हा चावडीवर सगळ्यांनी घेरलं:
जहाजावरनं विमान कसं उडतंय ओ?
आबा म्हणाले, "मी कुठं बघितलो?"
लोक हसले.
पुन्हा कुणी विचारलं नाही.

बॉयलरखोली पाण्याच्या पातळीखाली.
चार बॉयलर. त्यातला एक तडकलेला,
बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तशी
लोखंडी पट्टी आवळून बसवलेली.
त्याच्याजवळून जाताना सगळे हळू चालायचे,
बाळंतिणीच्या दारावरून जावं तसे.
वाफ कमी तर वेग कमी,
वेग कमी तर वारा कमी,
वारा कमी तर विमान उठत नाही.
एवढंच युद्ध त्यांना समजावून सांगितलं होतं.
डिसेंबरभर आबांनी एका काट्याकडं बघितलं.

डोक्यावर सात-आठ मजले लोखंड, त्यावर धावपट्टी.
विमान सुटलं की वाफ हिसकल्यासारखी ओढली जायची,
काटा दचकायचा. एक.
पुन्हा दचकायचा. दोन.
परतलं की वरून ठोका,
आणि ताणलेल्या तारेचं कण्हणं पोलादातून झिरपत खाली.
टाकीवर आबा खडूनं रेघा मारायचे,
गेली ती डावीकडं, आली ती उजवीकडं.
कुठं गेली, काय टाकून आली, खाली कोण होतं,
ते रेडिओवर गावाला आधी कळायचं.

एका संध्याकाळी डावीकडं सहा.
उजवीकडं पाच.
मग काहीच नाही.
शेजारी कोया, मल्याळी, हातात चहाचा मग, पीत नव्हता.
काटा जागचा हलेना.
किती वेळ, आबा?
"भाकरी करपंल एवढा."
मग थोड्यानं, "न्हाई. चूलच विझंल एवढा."
मग ठोका.
कोया चहा प्यायला, गार झालेला.
सहावी रेघ ओढताना खडू मोडला.

हे मला आज कळतंय. अर्जामुळं.

सांबऱ्याचा विमानतळ आमच्या परड्यामागं.
रात्रीचं विमान उशिरा आलं की आबा उठून बसतात.
आई म्हणायची, वय झालं.
वर बघत नाहीत.
उशाच्या तांब्यातल्या पाण्याकडं बघतात.
पाणी थरथरलं की आडवे होतात.

जहाज मोडीत काढलं त्या वर्षी
उद्यमबागच्या एका फौंड्रीत आबा रात्रीचे राखणदार.
मोडीचा ट्रक आला की कंदिलासारखी बॅटरी धरून
एकेका पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे.
"ही न्हवं." "ही बी न्हवं."
भट्टीवाल्या पोरांनी नाव पाडलं होतं, वैद्य.
एका पत्र्यापाशी मात्र काहीच बोलले नाहीत, म्हणे.
तोही वितळला. कुठल्या तरी पंपाचं कवच झालं असेल,
कुठल्या तरी उसात पाणी ओढत असेल. किंवा नसेल.

सैनिक कल्याण कार्यालयात पंखा बंद.
कारकुनानं अकराव्या रकान्यावर पेन ठेवलं.
गेली: सहा. आली: सहा.
"इदेनु?"
आबा छताकडं बघत होते, काही ऐकल्यासारखं.
"लेक्क," मी म्हणाले. हिशेब.
"आरु," तो पुटपुटला, "आरु,"
आणि शिक्का शोधू लागला.